उसन्या गाण्यांचा ड्रमर

आमच्या बँडचं स्वतःचं असं एकही गाणं नाही. कार्यक्रम संपल्यावर कुणीतरी जवळ येऊन विचारतंच, "यातलं तुमचं कुठलं?" कुठलंच नाही म्हटलं की समोरच्याचा चेहरा जरा पडतो. स्वयंपाकाचं कौतुक करायला जावं आणि डबा बाहेरून मागवल्याचं कळावं, तसं काहीतरी होत असावं. आम्ही मात्र हे कधी लपवलेलं नाही. बँडचं नावच 'उसनवार' आहे.

दुसऱ्याचं गाणं वाजवणं याला आमच्याकडे कव्हर म्हणतात. आम्ही फक्त कव्हर वाजवतो आणि तीही पंक रॉकची. पंक म्हणजे काय, हे मी एकदा वडिलांना समजावलेलं. ते तरुणपणी मिठागरात राबलेले, नंतर शेतीत. मी सांगितलं, गाणं दोन-अडीच मिनिटांत संपतं, गिटारच्या तीन कॉर्डच्या पलीकडे सहसा जात नाही, ताशासारखं अंगावर येतं, आणि गाणारा गोड आवाजाच्या भानगडीत न पडता घरमालकावरचा, सरकारवरचा, साहेबावरचा राग ओरडून सांगतो. वडिलांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे भांडनच हाय. पन तालात." यापेक्षा चांगली व्याख्या मला अजून सापडलेली नाही.

मी डोंबिवलीजवळच्या कोपरचा. आमच्या गावांतून हळदीला बँजो पार्टी असते. बँजो, ढोलकी, ड्रम आणि एवढे मोठे स्पीकर, की शेजारच्या घरातली भांडी मांडणीवर सरकतात. शाळेत असल्यापासून मी त्यात वाजवायचो. एका गणपतीच्या मिरवणुकीत डोंबिवलीचा एक उंच, चष्मेवाला माणूस बराच वेळ माझ्या टेम्पोच्या बाजूने चालत राहिलेला. मिरवणूक थांबली तेव्हा म्हणाला, "तू जे वाजवतोयस ना, त्याचा एक चुलतभाऊ परदेशात असतो. भेटायचंय?" दुसऱ्या दिवशी त्याने मला एक कॅसेट आणून दिली. तो मिलिंद. कल्याणच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायचा. त्याच्यामुळे मी पंकमध्ये आलो, आणि आजपर्यंत ड्रम वाजवून पोट भरत आलोय. लग्नसराईत बँजो, आठवडाभर कोपर स्टेशनजवळच्या गाळ्यात ड्रमचे क्लास आणि बाकीचा वेळ उसनवार.

बँडमध्ये आम्ही चौघं. मिलिंद गाणार. शहाडला इलेक्ट्रिकचं दुकान असलेला विनोद गिटारवर. सगळ्यात लहान प्राची, घोडबंदर रोडच्या एका आयटी कंपनीत आहे, ती बेस गिटार वाजवते. तिला अधूनमधून स्वतःची गाणी करावीशी वाटायची. मिलिंदचं उत्तर ठरलेलं असायचं, की जगात रागाची गाणी भरपूर आहेत, ती नीट वाजवणारे कमी आहेत. मला तेव्हा ते पटायचं. आता कधीकधी वाटतं, एखादं करून पाहायला हवं होतं.

आमची गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एकदा आमच्याच पंचक्रोशीतल्या एका हळदीला बोलावणं आलं. नवरी मुलगी कॉलेजात आमचं वादन ऐकलेली, तिनेच हट्ट धरलेला. तिच्या वडिलांना वाटलं, बँजो पार्टी येणार. पहिलं गाणं झालं तेव्हा मांडवात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. वडील माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "यो कसला बँजो? बँजो तं दिसतच नाय." दोन्ही बाजूंची लाज राखायची होती. पंकचा वेग आणि आमच्या हळदीच्या ठेक्याचा वेग यांत फारसा फरक नाही, हे मला ठाऊक होतं. पुढच्या गाण्याखाली मी सरळ हळदीचा ठेका घातला. आधी नवरीची आत्या उठली, मग सगळ्या बायका. मिलिंद इंग्रजीत घरमालकांच्या नावाने शिमगा करत होता आणि समोर नऊवारीतल्या आज्या घामाघूम होऊन नाचत होत्या. निघताना त्या वडिलांनी आम्हाला सुरमई जेवायला घातली आणि धाकट्या मुलीच्या हळदीचंही तिथेच सांगून ठेवलं.

दुसरं गिऱ्हाईक घोडबंदर रोडवरची एक कंपनी. कर्मचाऱ्यांचा उत्साह वाढवण्यासाठी त्यांना पंक हवं होतं, फक्त त्यात साहेबाविरुद्ध काही नको होतं. मिलिंदने ते कबूल केलं आणि अडचणीच्या शब्दांपाशी तो तोंड मिटून फक्त गुणगुणला. एरवी कुणाचं लक्षही गेलं नसतं. पण त्या रिकाम्या जागा कळल्यावर कर्मचाऱ्यांनी त्या स्वतः भरायला सुरुवात केली, तीही मराठी आणि हिंदीत. त्या कंपनीने आम्हाला पुन्हा बोलावलं नाही.

मात्र मला सांगायचंय ते मिलिंदचं.

तीनेक वर्षांपूर्वी एका रविवारी दुपारी आम्ही घोडबंदर रोडच्या एका हॉटेलात साउंड चेक करत होतो. संध्याकाळच्या कार्यक्रमाआधी प्रत्येक वाद्याचा आणि माइकचा आवाज तपासून घ्यायचा असतो. मिलिंद माइकमध्ये काहीतरी बोलला. अक्षरं होती, पण त्यांचा शब्द होत नव्हता. तो साउंड चेकला नेहमीच काहीतरी वेडंवाकडं बोलायचा, म्हणून विनोद हसला. मीही हसलो. प्राची हसली नाही. ती त्याच्या समोर उभी होती. तिने गिटार खाली ठेवली, जवळ गेली आणि म्हणाली, "सर, जरा हसून दाखवा." त्याच्या तोंडाची एकच बाजू हलली. तेवढ्यात उजव्या हातातला माइक खाली पडला.

त्याला प्राचीच्या गाडीत घातलं. घोडबंदर रोडवर त्या वेळी गाड्या नुसत्या उभ्या होत्या. विनोद गाडीतून उतरला आणि पुढे धावत सुटला. बसच्या, टेम्पोच्या पत्र्यावर थापा मारत, लोकांना बाजूला व्हायला सांगत तो हॉस्पिटलच्या दारापर्यंत धावला. गाडी त्याच्या मागे मागे. मी मागच्या सीटवर मिलिंदला धरून बसलेलो. त्याला सगळं कळत होतं. तो माझ्याकडे बघत होता आणि काहीतरी विचारत होता, आणि ते मला समजत नव्हतं.

वेळेत पोचलो म्हणून जीव वाचला, असं डॉक्टर म्हणाले. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी झालेली. पाय सुधारला, उजवा हात अर्धवट सुधारला. बोलणं मात्र गेलं. समोरच्याचं ऐकू येतं, समजतं, काय बोलायचंय तेही मनात असतं, पण शब्द तोंडापर्यंत येत नाही. आयुष्यभर मुलांना भाषा शिकवलेल्या माणसाला पाणी मागता येईना. एक-दोन शिव्या तेवढ्या स्वच्छ यायच्या. त्या आल्या की तो स्वतःच दचकायचा.

मी क्लास संपवून त्याच्या घरी जाऊन बसायचो. त्याची बायको स्मिता चहा आणून द्यायची आणि आत निघून जायची. तिला आमचं संगीत कधी आवडलं नव्हतं, लग्नानंतर एकदाच आली होती ऐकायला. आता घरात मी बोलायचो आणि तो ऐकायचा. एकदा बोलण्यासारखं काही उरलं नाही. ड्रमवाल्यांची बोटं रिकामी बसत नाहीत, माझी खुर्चीच्या हातावर वाजत होती. आमच्या नेहमीच्या एका गाण्याचा ठेका होता, माझ्या लक्षातही नव्हतं. मिलिंदने मान वर केली. "वन, टू, थ्री, फोर," तो म्हणाला आणि गायला लागला. अख्खं कडवं गायला. शब्द जागच्या जागी, उच्चार त्याचे नेहमीचे मास्तरी.

स्मिता कणकेचे हात तसेच घेऊन बाहेर धावत आली. तिला वाटलं, बोलणं आलं. मलाही तेच वाटलेलं. ती त्याच्या समोर गुडघ्यावर बसली.

"मिलिंद, माझं नाव सांग."

त्याने तोंड उघडलं. ओठ हलले, मानेच्या शिरा ताणल्या. काही आलं नाही. पुन्हा प्रयत्न केला, तेव्हा "वन" आलं. ती उठली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "परक्या माणसांची इंग्रजी गाणी राहिली त्याच्या डोक्यात. मी नाही राहिले."

मिलिंदला ते सगळं ऐकू गेलेलं होतं.

त्याला शब्द परत शिकवायला केतकी नावाची एक तरुण मुलगी यायची. तिचं शिक्षणच त्यातलं. तिला मी हा प्रकार सांगितला. तिने स्मिताला बसवून नीट समजावलं, की हे प्रेमाबिमाचं नाही. पाठ झालेली गाणी, अंक, शिव्या यांचा रस्ता मेंदूत वेगळा असतो, तो शाबूत राहिलाय. मनातलं नवं वाक्य जुळवायचा रस्ता तुटलाय. गाणं आलं म्हणजे बोलणं आलं असं नाही. पण जुन्या चालीत छोटी छोटी वाक्यं बसवली, डाव्या हाताने ठेका धरून रोज म्हटली, तर काही लोकांना त्या वाटेने थोडं बोलता येतं. सगळ्यांना नाही.

"मग आपण बसवू," स्मिता म्हणाली. म्हणजे आवडत नसलेलं संगीत आता तिच्या घरात रोज वाजणार होतं, आणि ते तिनेच ठरवलं.

केतकीची एकच अट होती, सगळं सावकाश. आता पंक बँडला सावकाश वाजवायला सांगणं म्हणजे रिक्षावाल्याला पायी चालायला सांगणं. विनोदला ते जमेचना. प्राची मोबाइलमध्ये ठेक्याची टिकटिक लावून बसायची आणि आम्हा दोघांना रागवायची. मी उशीवर ड्रमच्या काड्या वाजवायचो. ज्या चालीवर मिलिंदने आयुष्यभर जगाशी भांडण केलं, त्याच चालीवर आम्ही 'पाणी दे' बसवलं. मग 'चहा नको', 'पंखा लाव', 'पाय दुखतो'. स्वतःचे शब्द करायचे नाहीत हा आमचा नियम असा मोडला. प्राची म्हणायची, इतक्या वर्षांनी आपलं पहिलं गाणं आलं आणि त्याचं नाव 'पंखा लाव'.

महिने गेले. काही दिवस चांगले, काही दिवस तो उशी भिंतीवर फेकायचा. स्मिता ती उचलून परत माझ्यापुढे ठेवायची. ती रोज त्याच्या बरोबरीने गायची. तिचा सूर कच्चा आहे, पण ठेका पक्का. आधी 'पाणी' आलं, मग 'पाणी दे'. शेवटी तिचं नाव आलं. एक वरचा सूर, एक खालचा सूर, "स्मि-ता". आम्ही तिघं टाळ्या वाजवणार होतो. तिने हात वर करून थांबवलं. म्हणाली, "हे गाणं झालं. हाक नाही झाली." आणि मिलिंदकडे वळून, "उद्या परत."

साधारण त्याच सुमारास कल्याणच्या एका कॉलेजने विचारलं, आमच्या संध्याकाळच्या कार्यक्रमात वाजवाल का. गाणार प्राची, असं आम्ही धरून चाललेलो. मिलिंदने ते ऐकलं आणि छातीवर डावा हात ठेवला. मी.

स्मिता ठाम नाही म्हणाली. तो अडकला तर लोक हसतील, आणि त्याला सगळं कळतं, हे तिचं म्हणणं. चुकीचं अजिबात नव्हतं. मिलिंद उठला, पाय ओढत दाराजवळच्या कपाटापर्यंत गेला. कार्यक्रमाला घालायचे त्याचे कॅनव्हासचे बूट तिथे होते. ते त्याने एकेक करून आणले, तिच्यासमोर ठेवले आणि खुर्चीत बसून पाय पुढे केला. एका हाताने त्याला नाडी बांधता यायची नाही. स्मिता बुटांकडे बघत बसली. मग खाली वाकून तिने नाड्या बांधल्या. गच्च, दुहेरी गाठीच्या.

कॉलेजच्या मैदानात त्याचे जुने विद्यार्थी बरेच आलेले. मी ठेका दिला, पहिलं कडवं सुरेख गेलं. दुसऱ्याच्या तोंडाशी तो एक शब्द चुकला आणि थांबला. इथे एक गोष्ट सांगायला हवी. गाणं त्याच्यातून सलग दोऱ्यासारखं येतं. मध्ये तुटलं की तिथूनच पुढे धरता येत नाही, पार पहिल्यापासून यावं लागतं. आम्ही थांबलो. परत सुरू केलं. परत त्याच जागी तुटलं. मैदानात कुजबुज सुरू झाली, मागे कुणीतरी हसलं. सूत्रसंचालन करणारा मुलगा मदतीला धावत आला आणि "सरांसाठी एकदा जोरदार टाळ्या" असं म्हणत माइक घ्यायला लागला. मी स्मिताकडे बघितलं. ती स्टेजच्या कडेला उभी होती, दोन्ही हात घट्ट बांधून. तिने मान हलवली, नको म्हणून. त्याला खाली आण, या अर्थी नव्हे. त्या मुलाला आवर, या अर्थी.

त्याची गरज पडली नाही. मिलिंदने त्याला डाव्या कोपराने बाजूला केलं, आणि त्या झटापटीत त्याच्या तोंडून एक शिवी निघाली. अस्सल, माइकमधून, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशी. पोरं अशी ओरडली, की मला काही ऐकू येईना. त्यांना वाटलं, हेच ते पंक. ती शिवी त्याला न विचारता आलेली होती, हे फक्त आम्हा पाच जणांना ठाऊक.

तो माझ्याकडे वळला. चेहऱ्यावर घाम, डावा हात वर, एक बोट आकाशाकडे. पहिल्यापासून. मी काड्या वर घेतल्या. या खेपेला आकडे त्यानेच मोजले. दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी प्राची त्याच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली आणि तो शब्द त्याच्याबरोबर ओरडली. ती जागा पार झाली. पुढचं सगळं एका दमात आलं. मी इतकी वर्षं वाजवतोय, पण ते गाणं जेवढं मन लावून वाजवलं, तेवढं दुसरं कुठलं नाही.

खाली उतरल्यावर स्मिताने त्याला पाणी दिलं. कौतुक केलं नाही. त्याच्या बुटाची सैल झालेली नाडी पुन्हा आवळली.

त्यानंतर तो बरा झाला असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. आजही तो कार्यक्रमात अर्धी गाणी गातो, बाकीची प्राची गाते. दोन गाण्यांच्या मध्ये पूर्वी तो लोकांशी बोलायचा, ते आता मी बोलतो आणि वाईट बोलतो. बायकोला तो अजूनही त्या दोन सुरांतच बोलावतो. आता ती 'ओ' देते. मला एकदा म्हणाली, की सगळ्या सोसायटीत इतकी सुरेल हाक कुणाला मारत नसतील. माझा डावा कान पुष्कळसा गेलाय. या धंद्यात हे होतंच, आणि वेळीच कानात बोळे घाला असं मी क्लासच्या मुलांना रोज सांगतो. बँड बंद करावा का, हा विषय आमच्यात एकदा निघाला होता. मिलिंदने टेबलावर मूठ आपटली, विषय तिथेच संपला.

गेल्या महिन्यात त्याच्या घरी तालीम होती. आम्ही एक नवं गाणं बसवत होतो. नवं म्हणजे आमच्यासाठी नवं, अर्थात दुसऱ्याचंच. मिलिंदने ते आजाराआधी कधी गायलेलं नाही, म्हणजे त्याला ते शब्दाशब्दाने पाठ करावं लागतंय. खूप कष्टाचं काम आहे. तरी ते निवडलं त्यानेच. मी उशीवर वाजवत होतो, विनोद आणि प्राची सोबत, आणि रंगात येऊन जरा जोरातच चाललेलो. मिलिंदने हात वर केला. आम्ही थांबलो. आम्हाला वाटलं, शब्द अडला. त्याने माझ्याकडे बघितलं. ओठ जुळवायला त्याला वेळ लागला. आम्ही कुणीच मदत केली नाही, केतकीने तसं बजावून ठेवलंय.

"पळतोयस," तो म्हणाला.

सुरात नाही. चाल नाही, ठेका नाही. गाणाऱ्याने ठेका घाईत गेल्यावर ड्रमवाल्याला म्हणावं तसं, साधं, चिडून. हा शब्द आम्ही कधी बसवला नव्हता. विनोदची गिटार हातात तशीच राहिली. प्राचीने तोंड दुसरीकडे फिरवलं. मला खरं तर उठून त्याला मिठी मारायची होती.

स्मिता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. डोळे पदराला पुसून झाल्यावर तिने माझ्याकडे बघितलं.

"ऐकलंस ना तो काय म्हणाला ते?" ती म्हणाली. "मग हळू वाजव."

मी हळू वाजवलं.